तळ बदलतांना

पुष्कळ सुशिक्षित घरांतून हल्लीं दिवाणखान्यांत माशांची कांचेची पेटी दिसते. आलेला पाहुणा प्रथम मासे पाहतो, मग दिव्याची तारीफ करतो, आणि फारच चौकस असला तर आंतील वनस्पतीचें नांव विचारतो. पेटीच्या तळाशीं अंथरलेल्या खडीकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आणि गेलेंच तर तें 'ही खडी जुनी दिसते, बदलून टाका' एवढें सुचविण्यापुरतें जातें. जणूं काय ती खडी म्हणजे बैठकीवरची चादर! मळली कीं काढावी, परटाकडे द्यावी आणि दुसरी घालावी. परंतु माशांच्या पेटीचा तळ ही चादर नव्हे. गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभापासून नवरात्रापर्यंत मला या विषयांत जें लक्ष घालावें लागलें, त्यावरून माझें असें मत झालें आहे कीं, पेटींतील दिसणाऱ्या माशांचें जीवित हें न दिसणाऱ्या एका मोठ्या वस्तीच्या स्वाधीन असतें, आणि ती वस्ती बरीचशी तळांतच असते. तळ बदलूंच नये असें मी म्हणत नाहीं. कित्येकदां तो बदलावाच लागतो. मात्र वस्ती उठवावयाची असेल तर आधीं तिला दुसरें घर बांधून दिलें पाहिजे.

आमच्या घरची पेटी माझ्या थोरल्या बंधूंची. तीन वर्षांपूर्वीं ते निवर्तले. पेन्शन घेतल्यावर त्यांनीं हा छंद जोडला, आणि 'ब्राह्मणाच्या घरीं मासे पानांत नाहींत तर निदान पाण्यांत तरी असूं द्या' अशी त्यांची नेहमींची थट्टा असे. पेटी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच. तींत सुमारें १३० लिटर पाणी राहतें. आंत आठ पट्टेरी झेब्रा मासे, पांच तांबूस रोझी बार्ब आणि तळाशीं वावरणारे चार कोरीडोरस. झेब्रा व रोझी बार्ब हे मूळचे भारतांतीलच ओढ्यानाल्यांचे रहिवासी. कोरीडोरस मात्र दक्षिण अमेरिकेंतला. हा मासा स्वभावानें फार गरीब. तोंडापाशीं बारीक मिशा, अंगावर चिलखतासारखे पत्रे, आणि दिवसभर तळ हुंगीत फिरणें हाच उद्योग. सकाळची पूजा आटोपली कीं वहिनी या मंडळींना चिमूटभर खाद्य घालतात. बंधु गेल्यापासून एक दिवस त्यांनीं हा नेम चुकविला नाहीं.

पेटीखालच्या लांकडी कपाटाच्या दाराला आंतल्या बाजूनें बंधूंनीं एक कागद चिकटविलेला आहे. दर रविवारीं किती बादल्या पाणी बदललें याची त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरांत नोंद आहे. शेवटची नोंद ते आजारी पडले त्याच्या आदल्या रविवारची.

गेल्या वर्षीं घराला रंग देण्याचें ठरलें आणि त्याबरोबर पेटीचाही विषय निघाला. तळाची निळी खडी खरोखरच खराब झाली होती. तिचा रंग पापुद्र्यांसारखा सुटूं लागला होता. खड्यांच्या मधल्या फटींतून अन्नाचे कण खालीं जाऊन अशा ठिकाणीं कुजत कीं तेथें एकाही माशाचें तोंड पोंचूं नये. शिवाय चारही कोरीडोरसांच्या मिशा आंखूड झालेल्या दिसत होत्या. त्या खड्यांच्या धारेनें झिजतात, कीं खालच्या कुजक्या गाळामुळें झडतात, याविषयीं जाणत्यांत दोन मतें आहेत. आमच्या पेटींत दोन्हीं कारणें एकत्र नांदत असल्यामुळें त्या वादाचा निर्णय लागण्याची आम्हांस वाट पाहावी लागली नाहीं. तळाशीं राहणाऱ्या माशाला बारीक, गोल कणांची वाळूच योग्य, हें मात्र सर्वमान्य आहे.

पुतण्या इंजिनियर. त्यानें दुकानांत चौकशी केली आणि सांगितलें, "काका, एका रविवारीं उरकतें सगळें. मासे बादलींत काढायचे, खडी फेकायची, पेटी मिठानें घांसून धुवायची, नवी वाळू, नवें पाणी, आणि संध्याकाळीं मासे परत आंत." हा सल्ला ऐकतांच मला आमच्या ओळखीच्या एका घराची आठवण झाली. तेथें अगदीं याच बरहुकूम झालें होतें. पहिले दोन दिवस पाणी स्फटिकासारखें. तिसऱ्या दिवशीं मासे पृष्ठभागाशीं येऊन हवा गिळूं लागले. आठवडा संपण्याच्या आंत पेटी रिकामी झाली. दुकानदारानें त्याचें खापर हवामानावर फोडलें.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, वाळू घाला, नाहीं तर सोनें घाला, पण त्यांच्या हातचा एक मासा जातां कामा नये." त्यानंतर तें काम कोणाकडे आलें हें सांगावयास नको. माझ्या मदतीला पुतण्याची मुलगी होती. ती सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची नात पुस्तकांतलें सांगे, मी तें वहिनींना कळेल असें करून सांगें, आणि पुतण्या हत्यारें घेऊन तयार राही.

येथें थोडें शास्त्र सांगणें प्राप्त आहे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकीत असतो. उरलेलें अन्न व विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. अमोनिया माशांना विषारी. नदींत तो वाहून जातो, पेटींत जाणार कोठें? १८५० सालीं लंडनमध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनज्ञानें एका पात्रांत सोनमासे, व्हॅलिस्नेरिया नांवाची पाण्यांतली गवतासारखी वनस्पति आणि गोगलगायी एकत्र ठेवून तीं सारीं सुखरूप राहतात असें दाखविलें. वनस्पति प्राणवायु पुरविते, गोगलगायी सडका पाला खातात, असा त्याचा उलगडा होता, आणि तो खराही आहे. परंतु तिसराही कोणी राबत असतो, याची त्या काळीं कोणास कल्पना नव्हती.

तो तिसरा कोण, हें १८७७ सालीं श्लोझिंग व म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं ज्या प्रयोगानें दाखविलें, तो मला फार आवडतो. त्यांनीं एक उंच कांचनळी वाळूनें भरली, तींत थोडी चुनखडीची पूड मिसळली, आणि वरून सांडपाणी थेंब थेंब सोडलें. पहिले कांहीं दिवस जसें पाणी वरून गेलें तसेंच खालीं आलें. सुमारें वीस दिवसांनीं मात्र खालून निघणाऱ्या पाण्यांतला अमोनिया नाहींसा होऊन त्याच्या जागीं नायट्रेट येऊं लागलें. नुसती रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशीं सुरू झाली असती. पुढें त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म काढून टाकला तरी ती आपण होऊन सुरू होईना; पण चांगल्या जमिनीची चिमूट पाण्यांत कालवून तें पाणी वाळूवर ओतलें, तेव्हां ती पुन्हां सुरू झाली. म्हणजे काम वाळूचें नव्हतें, वाळूच्या कणांवर वस्ती करून राहिलेल्या जंतूंचें होतें. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन पंडितानें ते जंतु वेगळे काढून दाखविले. त्यांच्या दोन जाती: एक अमोनियाचें नायट्राइट करणारी, दुसरी नायट्राइटचें नायट्रेट करणारी. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणांत सोसतें, आणि आठवड्याला थोडें पाणी बदललें कीं तें निघून जातें. गोड्या पाण्याच्या पेटींतून ही दुसरी कामगिरी पाठ्यपुस्तकांत सांगितलेल्या नायट्रोबॅक्टरकडे नसून मुख्यतः नायट्रोस्पिरा नांवाच्या जंतूंकडे असते, हें तर १९९८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें.

हें सर्व मीं वहिनींना सांगूं लागलों तेव्हां त्यांनीं मला मध्येंच थांबविलें आणि विचारलें, "म्हणजे विरजणच ना?" मी चाळीस वर्षें शिकवीत होतों, पण इतका नेमका शब्द मला सुचला नव्हता. सगळें दहीं संपवून भांडें घांसून ठेवणारी गृहिणी दुसऱ्या दिवशीं शेजारीं वाटी घेऊन जाते. माशांना मात्र शेजारीं जातां येत नाहीं, आणि हें विरजण लागावयास एक रात्र नव्हे, चार ते सहा आठवडे लागतात.

आतां आमच्या पेटींतील खरी अडचण सांगतों. ज्या पेटीला निराळा, जुना, चालता फिल्टर असतो, तिच्यांत या जंतूंचा मोठा भाग फिल्टरमधील स्पंजांत राहतो. अशा पेटीचा तळ काळजीपूर्वक एका दिवसांतही बदलतां येतो. अट एवढीच कीं, त्या दिवशीं आणि त्यानंतर तीन-चार आठवडे त्या स्पंजाला हात लावूं नये. आमच्याकडे तसें नव्हतें. बंधूंनीं जुन्या रीतीप्रमाणें खडीच्या खालीं भोंकांची प्लॅस्टिकची जाळी बसविली होती. हवेच्या पंपानें तिच्या नळींतून पाणी वर उचललें जाई, आणि पेटींतील सारें पाणी खडींतून झिरपत जाळीखालीं येई. ही रचना स्वस्त आणि चांगली. पण तींत खडी हाच फिल्टर. म्हणजे खडी फेकणें म्हणजे विरजणाचें भांडेंच उपडें करणें. बरें, जाळी तशीच ठेवून वर वाळू घालावी म्हटलें तर बारीक वाळू भोंकांतून खालीं उतरते, नाहीं तर भोंकें बुजवून बसते. तेव्हां खडी, जाळी आणि विरजण या तिन्हींची व्यवस्था एकदम करावयाची होती. ज्या वाचकांच्या घरीं अशी जाळी असेल त्यांनीं एका रविवारचा बेत मनांतून काढून टाकावा.

आम्हीं आषाढांत एक स्पंजाचा फिल्टर आणून पेटींत उभा केला. त्याच दिवशीं थोडीशी खडी एका वाटींत पेटींतल्याच पाण्यानें खळबळली, आणि तो करडा गाळ नव्या स्पंजाभोंवतीं सोडला. हेंच विरजण लावणें. त्यानंतर सहा आठवडे जुनी जाळी आणि नवा स्पंज दोन्हीं जोडीनें चालूं दिलीं. पुतण्याला हा काळ फार कठीण गेला, कारण रंगारी येऊन गेले तरी पेटी तशीच! वहिनींनीं कपाटाला बाहेरून रंग देऊं दिला, आंतून देऊं दिला नाहीं.

या मधल्या काळांत वाळूचा शोध झाला. बांधकामाची वाळू म्हणून हल्लीं जी मिळते ती पुष्कळदां यंत्रानें फोडलेल्या दगडाची असते. तिचे कण धारदार, म्हणून ती बाद. शिंपल्याची किंवा संगमरवराची भर असलेली वाळू पाण्यांत चुना सोडते आणि त्यामुळें पाण्याचा पीएच वाढतो. तिची परीक्षा सोपी आहे: चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर घालावें, बुडबुडे आले तर ती घेऊं नये. शेवटीं पाणी शुद्ध करण्याच्या फिल्टरांत वापरतात ती गारेची वाळू, एक ते दोन मिलिमीटर कणांची, २५ किलोंचें पोतें घेतलें. पेटीच्या तळावर दीड इंच थर देण्यास यांतली २० ते २२ किलो पुरते. वाळू धुण्याचा कंटाळा करूं नये. बादलींत चार-पांच किलो घ्यावी, पाणी सोडून हातानें ढवळावी, गढूळ पाणी ओतून द्यावें. आमच्या प्रत्येक बादलीला बारा-पंधरा पाणी लागलें. तें पाणी मोरींत ओतूं नये, मोरी तुंबते. आम्हीं तें कुंड्यांना घातलें. साबण, सोडा असली कोणतीही वस्तु वाळूला लावूं नये, व ज्या बादलीला पूर्वीं साबण लागला असेल ती बादलीही घेऊं नये.

सहा आठवड्यांनीं खडीचा पहिला तृतीयांश काढला. त्यासाठीं पुतण्यानें इंचभर व्यासाची लवचिक नळी आणून तिची वक्रनळी केली. शाळेंत वक्रनळीचा सिद्धांत मीं किती वेळां फळ्यावर काढला असेल याची गणती नाहीं; परंतु तिच्यांतून पाण्याबरोबर खडे खडखडत बादलींत येतांना पाहण्याचा योग निवृत्तीनंतर आला. या पद्धतींत मोठा फायदा असा कीं, खडीबरोबर तिच्यांतला गाळही बाहेर जातो, पेटीभर उधळत नाहीं. जुन्या तळांत हवा न पोंचलेल्या जागा असतात. तेथें काळा गाळ सांठतो आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो एकदम ढवळला गेला तर पाण्यांतील प्राणवायु ओढून घेतो. म्हणून एक तृतीयांश पाणी जाईल तेवढीच खडी काढावयाची, मग थांबावयाचें.

एक तृतीयांश जाळी उघडी पडल्यावर नवाच प्रश्न निघाला. पाणी नेहमीं सोपी वाट धरतें. तें उघड्या जाळींतून सरळ खालीं जाऊं लागलें तर उरलेल्या खडींतून जाणारच नाहीं, आणि तिच्यांतील जंतु प्राणवायूवांचून गुदमरतील. हें पुतण्याच्या ध्यानांत आलें. त्यानें उघड्या भागावर प्लॅस्टिकचा पातळ तक्ता बसवून त्यावर दोन गोटे ठेवले, आणि पाण्याला पुन्हां खडीची वाट धरावयास लाविलें. इंजिनियराचें शिक्षण फुकट गेलें नाहीं, असें वहिनींनीं मोकळ्या मनानें कबूल केलें.

दोन आठवड्यांनीं दुसरा तृतीयांश. प्रत्येक वेळीं पुढचे दोन-तीन दिवस नात चांचणीचे थेंब घालून पाणी तपाशी. चांचणीच्या नळींतलें पाणी पिवळें राहिलें तर अमोनिया नाहीं. हिरवट झालें तर आहे. ही चांचणी प्रत्येक पेटीवाल्याच्या घरीं असावी, कारण अमोनियाचा डोळ्यांना पत्ता लागत नाहीं. पाणी अत्यंत नितळ असूनही विषारी असूं शकतें. आणि पीएच ज्यास्त असेल तर थोडा अमोनियाही अधिक घातक. २८ अंश उष्णतेच्या पाण्यांत पीएच ७ असतांना एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपांत नसतो. पीएच ८ झाला कीं तोच भाग सहा-सात टक्के होतो.

शेवटचा दिवस मोठा होता, कारण जाळी उचलावयाची होती आणि तिच्या खालीं कित्येक वर्षांचा गाळ. त्या दिवशीं मासे बाहेर काढणें भाग होतें. मासा एका घरांतून दुसऱ्या घरांत नेण्याची जुनी कथा शतपथब्राह्मणांत आहे. सकाळीं हात धुतांना मनूच्या ओंजळींत एक लहान मासा आला, आणि मला वाढव म्हणाला. मनूनें त्याला आधीं घड्यांत, मग खणलेल्या डबक्यांत, आणि शेवटीं समुद्रांत सोडलें. प्रत्येक वेळीं मोठें घर तयार झाल्यावरच त्यानें मासा हलविला, हें माझ्या ध्यानांत या वयांत आलें. वहिनींनीं माशांसाठीं माळ्यावरचें तांब्याचें घंगाळ काढून ठेवलें होतें. ताम्रपात्र आपल्याला पवित्र, परंतु माशांना व त्याहून गोगलगायींना तांबें विषासमान आहे. तेव्हां तें परत माळ्यावर गेलें आणि नवा प्लॅस्टिकचा टब आला. टबांत पेटीचेंच पाणी घातलें, पेटींतला स्पंजाचा फिल्टर उचलून त्यांत चालूं केला, म्हणजे मासे आणि जंतु दोघांचीही सोय झाली. झेब्रा उड्या मारतात, म्हणून वर जाळीदार कापड बांधलें. कोरीडोरसाच्या परांना कांटे असतात. ते जाळींत अडकून मासा जखमी होतो, म्हणून त्यांना जाळीनें न धरतां पाण्यासकट वाडग्यांत घेतलें. आदल्या दिवशीं सर्वांना एकादशी घडविली होती. पोट रिकामें असलें कीं टबांतलें पाणी कमी बिघडतें.

विजेचीं सर्व बटनें बंद करून मगच पाण्यांत हात घालावा, हें सुशिक्षितांना सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतों. ज्यांच्या पेटींत पाणी ऊन ठेवण्याचा हीटर आहे त्यांनीं तो बंद करून थोडा वेळ निवूं द्यावा; उघडा पडलेला तापलेला हीटर तडकतो. आणि पेटी भरलेली असतांना, किंवा आंत खडी असतांना, ती उचलण्याचा मोह कोणी बलवान मुलानेंही धरूं नये. तिचे सांधे त्यासाठीं केलेले नसतात.

जाळी उचलली तेव्हां खालीं बोटभर काळसर गाळ निघाला. तो वक्रनळीनें ओढून घेतला, कांच नुसत्या पाण्यानें व फडक्यानें पुसली, घांसली नाहीं. उरलेल्या निळ्या खडीपैकीं दोन ओंजळी मात्र एका जुन्या नायलॉनच्या मोज्यांत बांधून बाजूला पेटीच्याच पाण्यांत ठेवल्या. ओली वाळू वाटीवाटीनें तळावर ठेवली, वर एक ताटली उपडी घातली, आणि त्या ताटलीवर पाणी हलकेंच सोडलें, म्हणजे वाळूंत खड्डा पडत नाहीं. अर्धें पाणी जुनें होतें. जुनें पाणी राखण्याचा हेतु नीट समजून घ्यावा: जंतु पृष्ठभागांना चिकटून राहतात, पाण्यांत थोडेच असतात, तेव्हां जुन्या पाण्यानें विरजण राहतें हा पुष्कळांचा समज खरा नव्हे. त्यानें राहतो तो पाण्याचा पीएच आणि उष्णता, म्हणजे माशाला धक्का बसत नाहीं. नळाच्या नव्या पाण्यांतील क्लोरिन मारण्यासाठीं हायपो घातला. पूर्वीं छायाचित्रकार वापरीत तोच हा पदार्थ. स्पंज आणि खडीचा मोजा पेटींत परत गेले, आणि तासाभरानें मासे.

पाणी दोन दिवस ताकासारखें पांढुरकें होतें. धुतलेली वाळूही इतकें करतेच. त्यानें घाबरून पुन्हां पाणी उपसूं नये. तिसऱ्या दिवशीं पाणी निवळलें, आणि त्याच दिवशीं चांचणींत किंचित् हिरवी झांक आली. वहिनी त्या वेळीं नातीच्या मागेंच उभ्या होत्या. त्यांनीं रंग पाहिला, पण विचारलें कांहीं नाहीं. आम्हीं चौथाई पाणी बदललें, खाद्य दिवसाआड आणि तेंही निम्मेंच केलें, हवेचा पंप जोरांत ठेवला. असा प्रकार चौथ्या व पांचव्या दिवशींही करावा लागला. सातव्या दिवशीं रंग पिवळा, आणि दहाव्या दिवशीं नायट्राइटही शून्य. सतराही मासे जिवंत होते. नातीनें कपाटाचें दार उघडलें, बंधूंच्या शेवटच्या नोंदीखालीं एक रेघ सोडून तारीख घातली आणि बदललेल्या पाण्याच्या बादल्या लिहिल्या.

कोरीडोरसांचें वर्तन मात्र सांगितलें पाहिजे. निळ्या खडीवर ते नुसते हुंगीत फिरत. वाळूंत ते डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतात, घांस घेतात आणि कल्ल्यांतून वाळू दोन्हीं बाजूंनीं उडवून देतात. वहिनींना यांत मोठें कौतुक वाटतें; भाताची पेज गाळल्यासारखें करतात म्हणतात. मिशा वाढतात कीं नाहीं तें पाहण्यासाठीं नात दर पंधरवड्याला फोटो काढते. दोघांच्या वाढल्या असें तिचें म्हणणें आहे, मला चष्म्यांतून एकाच्याच दिसतात.

वाळूला पुढें एक निगा लागते. खडीसारखी ती आंतून हवा खेळूं देत नाहीं, म्हणून थर दीड-दोन इंचांपेक्षां जाड करूं नये, आणि पाणी बदलतांना एखाद्या काडीनें तिचा वरचा थर हलका ढवळावा. घाण वाळूवरच पडून राहते, आंत जात नाहीं. वक्रनळी वाळूच्या बोटभर वर धरली कीं ती उचलली जाते. फिल्टरचा स्पंज महिन्यानें पिळावा, तोही पेटींतून काढलेल्या पाण्यांत, नळाखालीं कधींही नव्हे. खडीचा मोजा आम्हीं आणखी तीन आठवडे ठेवला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं चांचणी केली, मग तो काढला. निळी खडी धुऊन वाळविली आणि गच्चीवरच्या कुंड्यांच्या भोंकांवर घातली. रंग सुटत असल्यामुळें भाजीच्या कुंड्या तेवढ्या सोडल्या. पेटीच्या मागच्या कोपऱ्यांत व्हॅलिस्नेरिया लावली आहे. कोरीडोरस तिचीं मुळें रोज उकरतात, म्हणून तिच्याभोंवतीं सध्यां चार गोटे ठेवले आहेत.